साडेसातचे सील

लॉर्नचं पत्र ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. मी विसरलो नव्हतो. मराठी शब्दकोशात 'उत्तर' हा शब्द ज्या पानावर आहे, त्याच पानात मी ते पत्र घालून ठेवलं होतं, म्हणजे आठवण राहील. मग मी शब्दकोश उघडायचंच टाळू लागलो. अडीच महिने मला कुठल्याही शब्दाचा अर्थ अडला नाही.

मी प्रेमानंद. नागपूरच्या वेधशाळेत चौतीस वर्षं नोंदी लिहिल्या. तापमान, वारा, ढग, पाऊस. भाकीत सांगणारे साहेब वेगळे होते, मी फक्त जे झालं ते लिहीत असे. कामाचा तो भाग मला फार आवडायचा. निवृत्तीनंतर मी आणि माझी बायको बेबी परदेशात, मार्कहॅमला मुलाकडे आलो. आयुष वर राहतो, आम्ही बेसमेंटमध्ये. माझी पुस्तकं भिंतीला टेकून उभी असतात आणि मीही बहुतेक वेळ तसाच. इथल्या आपल्या असोसिएशनच्या कार्यक्रमात कोणी "काका, दोन शब्द बोला" म्हटलं की मी खुर्च्या मांडायला निघून जातो. पाच वर्षांत मी पुष्कळ खुर्च्या मांडल्या आहेत.

मुलगी दीपा पूर्वेला समुद्रकाठी, नोव्हा स्कोशियात हॅलिफॅक्सला असते. तिचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे. ती सील या समुद्री प्राण्याचा अभ्यास करते. बेबीने हे नागपूरला आपल्या बहिणीला, सुनंदाला, फोनवर समजावलं तेव्हा मी शेजारीच होतो.

"सील कुठे जेवतात ते पाहते ती."

तिकडून सुनंदा काहीतरी म्हणाली.

"हो तर! पगार देतात त्याचा."

पण ते खरंच तसं आहे. सीलच्या मानेवरच्या केसांना एक लहानसं यंत्र गोंदाने चिकटवतात. सील कुठे गेला, किती खोल बुडी मारली, किती वाजता मारली, हे ते यंत्र उपग्रहाकडे कळवत राहतं. पुढे केस गळायचा मोसम आला की यंत्रही गळून पडतं. तोवर सीलची जेवणाची जागा आणि वेळ कळलेली असते. मग समुद्राच्या नकाशावर रेघा ओढणारे लोक ठरवतात, की ही जागा जपायची, इथे अमुक वेळी बोटींनी यायचं नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही दीपाकडे गेलो होतो. हॅलिफॅक्सच्या पूर्वेला दोन तासांवर एका लहानशा धक्क्यावर तिचं काम चालू होतं. तिथे लॉर्न भेटला. वय माझ्याएवढंच, सत्तरीच्या पुढे. बायको वारलेली. एकटाच बोटीवर जातो, लॉबस्टरचे पिंजरे टाकतो. तो माझ्यासारखाच कमी बोलायचा, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. आम्ही दोघं उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून चहा प्यायचो आणि पाण्याकडे बघायचो. तिसऱ्या दिवशी त्याने मला आत नेऊन एक कपाट उघडून दाखवलं. आत एकतीस वर्षांच्या वह्या होत्या. रोज किती वाजता कुठले पिंजरे ओढले, किती लॉबस्टर निघाले, वारा कुठला, सील दिसले की नाही. सील पिंजऱ्यातलं आमिष पळवतात म्हणून तो त्यांचीही नोंद ठेवायचा.

मी एक वही उघडली. आकडे सरळ रेषेत, खाडाखोड असेल तिथे एकच आडवी रेघ आणि बाजूला सही. आमच्या वेधशाळेतही असंच होतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"एकतीस वर्षं कोणी विचारलं नाही, की तू हे का लिहितोस," लॉर्न म्हणाला.

"मला चौतीस वर्षं कोणी विचारलं नाही," मी म्हणालो.

त्या संपूर्ण मुक्कामात आम्ही एवढं लांबलचक संभाषण दुसरं केलं नाही.

दीपाला त्या वह्या हव्याच होत्या. लॉर्नचे पिंजरे ज्या भागात असतात तिथे पाण्याखाली एक खडक आहे, त्याला तिथली माणसं टीकेटल, म्हणजे चहाची किटली, म्हणतात. दीपाच्या यंत्र लावलेल्या अकरा सीलपैकी सात जण वसंतात तिथेच जेवायला जात होते. तेव्हा ते किती वाजता जातात आणि लॉर्न किती वाजता जातो, हे एकत्र मांडलेलं हवं होतं. वह्यांमधलं हस्ताक्षर काँप्युटरला वाचता येईना. ते मला येत होतं.

"बाबा, तुम्ही टाईप कराल का? आणि यंत्रांच्या वेळा ग्रिनिचच्या आहेत, तासातासाच्या, त्या हॅलिफॅक्सच्या करून शेजारी मांडायच्या. बस."

मी तिला तीन वेळा विचारलं, मला जमेल का? ती तिन्ही वेळा हो म्हणाली. चौथ्यांदा विचारणार होतो तर बेबी म्हणाली, "लेक काम देऊन राहिली तर घ्या ना जी. नाही तर दिवसभर माझ्या फोडणीत काय कमी आहे ते सांगता."

हिवाळाभर मी ते काम केलं. बाहेर आयुष बर्फ शोव्हल करायचा, आत मी लॉर्नच्या वह्या टाईप करायचो. त्याची वेळ, त्याचे लॉबस्टर, त्याचा वारा, आणि शेवटच्या रकान्यात सीलची नोंद. ती बहुतेक एकच असायची. सील नाही. सील नाही. सील नाही. यंत्रांच्या वेळा बदलायला आयुषने एक युक्ती शिकवली. पहिल्या ओळीत सूत्र लिहायचं, त्या चौकोनाचा कोपरा धरायचा आणि खाली ओढायचा, की हजार ओळी एका दमात होतात. मला तो प्रकार इतका आवडला, की मी तो बेबीला बोलावून दाखवला.

तक्ता तयार झाला तेव्हा चित्र अगदी स्वच्छ होतं. सील टीकेटलवर यायचे ते सकाळी साडेसहा ते साडेनऊ. लॉर्नही तिथे तेव्हाच असायचा. आता प्रश्न एवढाच राहिला, की मग लॉर्नला ते दिसत कसे नाहीत? मी आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य पूर्ण आत्मविश्वासाने लिहिलं. 'सील बराच वेळ तळाशी असल्याने बोटीवरून दिसत नसावेत.' दीपाने ते वाक्य तिच्या अहवालात जसंच्या तसं घेतलं. शेवटी आभारांच्या यादीत माझं नावही घातलं, काळजीपूर्वक केलेल्या कामाबद्दल. त्या पानाची प्रत बेबीने वरच्या फ्रिजवर लावली. आयुषचे मित्र आले की ती त्यांना पाणी प्यायला मुद्दाम स्वयंपाकघरात न्यायची.

अहवालावरून योजना निघाली. एप्रिल ते जून, म्हणजे लॉबस्टरच्या ऐन मोसमात, टीकेटलच्या आसपास पहाटेपासून दुपारपर्यंत कोणत्याही बोटीने जायचं नाही. लोकांनी आपलं म्हणणं लेखी कळवावं, पोस्टाचा शिक्का एकतीस ऑक्टोबरपर्यंतचा असावा.

मग लॉर्नचं पत्र आलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

'मिस्टर प्रेमानंद, तुमच्या मुलीने मला तक्ता पाठवला. त्यात सील साडेसातला माझ्या खडकावर असतात. साडेसातला तर मी तिथे असतो. तळ तिथे पाच पुरुष खोल आहे आणि सीलला श्वास घ्यायला वर यावं लागतं. मी शास्त्रज्ञ नाही. पण तुम्ही माझ्या सगळ्या वह्या वाचल्या आहेत, म्हणून तुम्हालाच विचारतो. तिथे सील असतील तर मी निघून जाईन, भांडणार नाही. माझ्याकडे दुसरी जागा नाही, या वयात कोणी देणारही नाही, तेव्हा बोट विकावी लागेल. फक्त मला खरं सांगा. आणखी एक. सगळ्या वेळा 'साडे' का आहेत? माझी बायको न्यूफाउंडलंडची होती. तिथलं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं, त्यावरून आम्ही जन्मभर भांडलो. हे सील कोणाचं घड्याळ घालतात?'

पत्र वाचून मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, वाईट वाटलं ते लॉर्नसाठी, कारण तो चुकतो आहे असं मी धरून चाललो होतो. जागा जाणार म्हटल्यावर माणूस असं लिहिणारच. त्याला काय लिहायचं? तुमच्या डोळ्यांपेक्षा माझा तक्ता बरोबर आहे? मी कोण असं लिहिणारा? म्हणून पत्र शब्दकोशात गेलं. 'साडे'चं म्हणाल तर दीपालाही कोणी काही विचारलं नव्हतं. नकाशे करणाऱ्या ऑफिसात न्यूफाउंडलंडची एक बाई होती. तिला अर्ध्या तासांचं काय नवल!

ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख. सकाळी बेबी फोन घेऊन माझ्यासमोर बसली. सुनंदाला फोन लावायची तिची वेळ.

"तिकडे किती वाजले जी?"

"साडेसात," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते.

"काल विचारलं तर साडेआठ म्हणाले."

"काल तू अकराला विचारलंस."

"परवा साडेनऊ." ती हसायला लागली. "पाच वर्षं झाली विचारून राहिली मी. तुमचं उत्तर कधी पुरं येतच नाही, सदा साडेच!"

"नागपूरचं घड्याळच तसं आहे," मी म्हणालो. "ग्रिनिचहून साडेपाच तास..."

आणि मी थांबलो.

"काय झालं?" बेबीने विचारलं. "छातीत दुखते का? आयुषला बोलावू?"

"शब्दकोश दे."

"छातीत दुखते त शब्दकोश?"

मी स्वतःच उठलो. पत्र काढलं. हे सील कोणाचं घड्याळ घालतात? मग लॅपटॉप उघडला, तो तक्ता उघडला आणि वेळेच्या रकान्यातल्या अगदी पहिल्या चौकोनावर बोट नेलं. वर पट्टीत सूत्र दिसलं. ग्रिनिच अधिक साडेपाच तास.

हॅलिफॅक्ससाठी वसंतात ग्रिनिचमधून तीन तास वजा करायचे असतात. मला ते माहीत होतं. मी चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलं होतं, ती चिठ्ठी अजूनही तिथेच होती. पण चौतीस वर्षं मी ग्रिनिचची वेळ दिसली की साडेपाच मिळवत आलो होतो. सकाळी तीन म्हणजे साडेआठ, दुपारी बारा म्हणजे साडेपाच. हाताने डोक्याला न विचारता लिहून टाकलं. पूर्वीसारखा एकेक आकडा लिहीत गेलो असतो तर चौथ्या-पाचव्या ओळीला तरी लक्षात आलं असतं. पण मी कोपरा धरून ओढला होता आणि बायकोला बोलावून दाखवलं होतं.

मी साडेपाच खोडून वजा तीन लिहिलं आणि पुन्हा कोपरा ओढला.

साडेसातचे रात्रीचे अकरा झाले. सगळा रकाना खाली सरकत सरकत रात्रीत गेला. दहा ते एक. सील टीकेटलवर रात्री जेवत होते आणि लॉर्न सकाळी जात होता. त्यांची कधी गाठच पडत नव्हती. शेजारच्या रकान्यात माझ्याच बोटांनी टाईप केलेलं होतं, सील नाही, सील नाही. टीकेटलच्या तेवढ्या नोंदी मोजल्या. तीनशे बारा वेळा. मी स्वतःच्या प्रत्येक शब्दावर शंका घेणारा माणूस. पण एका म्हाताऱ्याने तीनशे बारा वेळा सांगितलेलं खोटं ठरवताना मला एकदाही शंका आली नव्हती.

बेबीला सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याची बोट जाते."

"बोट जाते, आणि सीलही वाचत नाहीत. योजना सकाळ बंद करते. सील येतात रात्री. रात्री तिथे हेरिंग माशांसाठी मोठी जाळी टाकणारे येतात, त्यांना कोणी अडवणार नाही."

"म्हणजे दोघांचंही वाटोळं केलं तुम्ही."

"हो."

"एका ओळीत."

"हो म्हणालो ना!"

"मग दीपाला फोन लावा. सुनंदाचं नंतर पाहू."

फोन लावण्याआधी मी दोनदा पाणी प्यायलो. दीपाचा तो पहिलाच मोठा अहवाल. चूक सांगितली तर लोक तिला हसतील. न सांगितली तर कोणाला कधी कळणारही नाही, लॉर्न सोडून. आणि लॉर्न म्हणाला होता, मी भांडणार नाही.

दीपाने फोन उचलला. मी सांगून टाकलं.

"बाबा, मी ते प्रेझेंट केलंय," ती म्हणाली. "माँक्टनला. दीडशे लोकांसमोर. स्लाईड्ससकट."

"हो."

"मीपण चेक करायला हवं होतं. आय शुड हॅव चेक्ड. तुमचं काम म्हणून मी..." ती थांबली. "एक मिनिट. रात्री दहा ते एक म्हणालात?"

"हो."

"रात्री? ओ माय गॉड, बाबा! ते वाळूतले मासे!"

मग ती इतक्या वेगाने बोलू लागली, की मला निम्मंच कळलं. टीकेटलच्या पायथ्याशी वाळू आहे. तिथे बोटभर लांबीचे रुपेरी मासे असतात. दिवसा ते वर पाण्यात झुंडीने फिरतात आणि रात्री वाळूत शिरून झोपतात. सील थेट तळाशी जाऊन राहतात, म्हणजे नाकाने वाळू उकरत असणार, असं यंत्रांवरून दिसत होतं. पण सकाळी मासे वर असताना हे खाली काय उकरतात, हे कोडं तिला वर्षभर सुटत नव्हतं.

"म्हणजे बरंच झालं म्हणायचं?" मी चाचरत विचारलं.

"बरं नाही झालं. मला सगळ्यांना मेल करून चूक मान्य करावी लागणार आहे, आणि मी खूप चिडलेय. पण सील बरोबर निघाले." मग जरा खालच्या आवाजात, "आणि लॉर्नसुद्धा. मी ऑफिसला कळवते, नवा तक्ता जोडते. त्याला तुम्ही लिहा. त्याने तुम्हाला विचारलंय."

लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात दोन पानं हवामानाबद्दलच होती. दुसऱ्यात क्षमा हा शब्द सात वेळा आला. तिसरा बेबीने वाचून बघितला.

"यात चूक कुठे सांगितली?"

"शेवटून दुसऱ्या परिच्छेदात."

"तोवर तो माणूस बोट विकून मोकळा होईल. सुरुवातीलाच टाका की."

"एकदम असं कसं लिहायचं?"

"तुम्ही पाऊस पडला तर काय लिहायचे रजिस्टरात? आधी ढगाची चौकशी करायचे का?"

मी चौथा कागद घेतला.

'प्रिय लॉर्न, सील रात्री दहा ते एक या वेळात टीकेटलवर येतात. सकाळी तिथे सील नसतात. तुमच्या वह्या बरोबर आहेत, तीनशे बारा वेळा. माझा तक्ता चुकीचा होता. सील तुमचंच घड्याळ घालतात, नागपूरचं घड्याळ त्यांना मी घातलं होतं. तुम्ही ऑगस्टमध्ये विचारलंत तेव्हाच मी तो चौकोन उघडून बघायला हवा होता. मी तुमचं पत्र बाजूला ठेवलं, ही वेगळी चूक आहे आणि तीही माझीच. दुरुस्त तक्ता सोबत आहे. ऑफिसलाही मी माझ्या सहीने लिहिलं आहे, की सकाळ मोकळी ठेवावी आणि रात्र बंद करावी. ते ऐकतील की नाही हे मला सांगता येत नाही. भाकिताचं काम मी कधी केलं नाही.'

खाली सही केली. तक्त्याच्या छापील प्रतीवर जुन्या वेळेवर एक आडवी रेघ मारली, बाजूला नवी वेळ लिहिली आणि तिथेही सही केली. लॉर्नला ती पद्धत ओळखू येईल.

ऑफिसच्या पत्राचं पाकीट वेगळं केलं. मग जिना चढून वर गेलो आणि फ्रिजवरचं ते आभाराचं पान काढलं. बेबी मागे उभी होती.

"ते कशाला काढता?"

"काळजीपूर्वक म्हटलंय त्यात."

"असू द्या. खालती लिहा, दुरुस्ती मागाहून केली." तिने पान माझ्या हातातून घेऊन पुन्हा चुंबकाखाली सरकवलं. मी खिशातलं पेन काढून तसं लिहिलं, तारखेसह.

आयुष म्हणाला, गाडीने सोडतो. मी नको म्हणालो. मेपलची पानं फुटपाथवर ओली होऊन चिकटली होती आणि बेबीने कोट, टोपी, मफलर असं सगळं चढवल्यामुळे मला हात नीट हलवता येत नव्हते. पोस्टाचं काउंटर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात आत मागच्या बाजूला आहे. रांगेत मी तिसरा होतो. मध्ये एकदा मनात आलं, की तिसऱ्या मसुद्यातला समुद्राबद्दलचा परिच्छेद बरा होता, घरी जाऊन तो घालावा का? तेवढ्यात पुढची बाई बाजूला झाली.

काउंटरवरच्या मुलीने पाकिटं तोलली.

"शिक्का आजचाच बसेल ना?" मी विचारलं.

"आत्ता देते ना, समोरच." तिने दोन्ही पाकिटांवर शिक्के मारले. "नोव्हा स्कोशिया? मोस्टली चार-पाच दिवस."

"माझे अडीच महिने आधीच गेलेत," मी म्हणालो. ती हसली. अनोळखी माणसाशी मी आपण होऊन काही बोललो, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

ऑफिसचं पाकीट तिने मागच्या पेटीत टाकलं. ती लॉर्नचं उचलू लागली तेव्हा मी म्हणालो, "ते मी टाकू का?" तिने ते परत दिलं. बाहेर दाराशी लाल पेटी होती. मी तिचं झाकण ओढलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला, आणि पाकीट आत सोडलं. आतून ते तळाला लागल्याचा आवाज आला. मी सवयीने घड्याळात बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. तिकडे लॉर्नकडे चार वाजून दहा.